तिसऱ्या नंबरचा प्लग

कुरुद, भिलाई
१० सप्टेंबर २०२३

प्रिय सुमंत,

जय भीम. तू पुण्याला मुलाकडे राहायला गेलास त्यानंतरचं हे माझं पहिलं पत्र, आणि तेही तक्रारीचं. तू गेलास आणि मॅडम बिघडली. समजून घेणारा माणूस गेला, आता हा बहिरा उरला, हे तिला बरोबर कळलेलं दिसतं.

फोन करत जा म्हणतोस. रेल मिलमध्ये जन्म काढला आणि कान तिथेच ठेवून आलो, हे तुला नव्याने काय सांगू. परवा तू फोनवर बोलत होतास तेव्हा मी सगळ्याला 'हो हो' म्हणत होतो. नंतर तुझी सत्यशीलावहिनी म्हणाली की मी आजारी आहे का, असं तू विचारत होतास. व्हिडिओ लावला तर तुझी नुसती नाकपुडी दिसते. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात तू कितीही हळू बोललास तरी मला सगळं ऐकू येतं.

आमच्या गल्लीत एक मास्तर नवीन राहायला आलेत. आपल्या मॅडमभोवती फिरून विचारत होते, ही गाडी कोणती म्हणून. मी सांगितलं, रशियन आहे. स्टील प्लांट उभारायला आलेल्या एका साहेबाने मायदेशी जाताना इथेच सोडली, मग कित्येक वर्षं सेक्टरच्या मागे बेशरमच्या झुडपात पडून होती, आणि मी व माझ्या दोस्ताने ती ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. अख्ख्या छत्तीसगडात अशी दुसरी नाही म्हटलं. मास्तरांना यातलं काहीच खरं वाटलं नाही. मग मी बॉनेट उघडून दाखवलं तेव्हा आतली रशियन अक्षरं बघून ते चष्मा पुसायला लागले.

तर बिघाड असा आहे. तिसऱ्या नंबरचा प्लग काळा पडतो. घासून बसवला की चार दिवस बरं, मग पुन्हा काजळी. तू असतास तर बॉनेटपाशी डोळे मिटून उभा राहिला असतास आणि बाईंना काय होतंय ते सांगून टाकलं असतंस. मी काय करतो, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतो आणि मूठ दातात धरतो. दातातून ठोके कळतात. एक चुकतो एवढं कळतं, कावून चुकतो ते कळत नाही. सत्यशीला बघून म्हणाली, "आता इंजिन खाऊन राहिले का तुमी?"

चौदा एप्रिलला मॅडमने बाबासाहेबांचा फोटो घेऊन खुर्सीपारच्या मिरवणुकीपुढे चालायचं आहे, दरवर्षीसारखं. स्टिअरिंगवर मी, बाजूला तू. पण एप्रिल लांब आहे. दिवाळीला येतोस ना?

तुझा,
धम्मपाल


पुणे
२ ऑक्टोबर २०२३

प्रिय धम्मा,

जय भीम. तुझं पत्र मी नात उर्वीला वाचून दाखवलं. तिला वाटलं मॅडम म्हणजे तुमच्याकडे राहणारी कोणी आजारी बाई. प्लग काळा पडतो म्हटल्यावर तिने मला विचारलं, डॉक्टरकडे का नेत नाहीत. मी म्हटलं, डॉक्टर पुण्याला पळून आला.

रुग्णाचं तोंड पाहिल्याशिवाय मी औषध देत नाही, हे इतकी वर्षं प्लांटच्या गॅरेजात सगळ्यांना सांगत आलो. तुलाही तेच. प्लग काढून पाठव. कुठला तरी पाठवू नकोस, तिसऱ्याचाच पाठव. मी कानशीने प्रत्येकाच्या नटावर खाचा पाडून ठेवल्यात, त्यामुळे फसवता येणार नाही.

दिवाळीत जमणार नाही असं दिसतं. उर्वीची परीक्षा संपल्यावर इथेच सगळ्यांचा दिवाळीचा बेत ठरला आहे. लतिका गेल्यानंतरची ही पहिली दिवाळी, मुलगा-सून म्हणतात आई नाही, निदान बाबा तरी इथेच हवेत. इथे सगळं चांगलं आहे. लिफ्ट आहे, बाग आहे, बागेत माझ्या वयाची माणसं आहेत. ती सकाळी टाळ्या वाजवून हसतात. मला अजून त्यांच्यात हसता आलेलं नाही.

वहिनींना नमस्कार.

सुमंत


कुरुद
६ नोव्हेंबर २०२३

प्रिय सुमंत,

प्लग पाठवला आहे. त्याच्या जागी तात्पुरता एक जुना बसवला आहे. डबी हिंगाची आहे, तेव्हा वासावरून काही निदान करू नकोस. तो वास मॅडमचा नाही.

थंडी पडायला लागली की सकाळी ती उठतच नाही, म्हणून मी तू शिकवलेलं करतो. चारही प्लग तव्यावर गरम करून बसवतो, मग लगेच घेते. घरात मात्र त्यावरून भांडण आहे. सत्यशीला म्हणाली, "या तव्यावर मी पोया करू का तुमचे प्लग भाजू, ते एकदा सांगून द्या." मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरेपणाचा एवढाच फायदा आहे.

परवा बोरसीला काम होतं. तुझ्या घरावरून गेलो. म्हणजे आता ते तुझं नाही, पण माझा पाय तिथे आपोआप हळू झाला. नव्या लोकांनी निळा रंग दिला आहे. लतिकावहिनींची मोगऱ्याची कुंडी अजून गेटपाशीच आहे. मला वाटलं आतून त्या विचारतील, चहा टाकू का. उगाच उभा राहिलो थोडा वेळ आणि निघून आलो.

तू दिवाळीला येणार नाहीस हे मी सत्यशीलाला बोलून दाखवलं नाही, पण तिने यंदा अनारसे केले नाहीत. ते तुझ्याचसाठी व्हायचे.

धम्मपाल


पुणे
२४ नोव्हेंबर २०२३

प्रिय धम्मा,

प्लग पोचला. खिडकीपाशी उन्हात धरून नीट वाचला. काजळी कोरडी आहे, तेलकट नाही. म्हणजे इंजिन आतून धडधाकट आहे, बाईंना फक्त पेट्रोल जास्त पाजलं जातंय. आणि तू तिला गल्लीतल्या गल्लीत फिरवत असणार, मिरवणुकीच्या चालीने. तशा चालीने कुठल्याही गाडीचे प्लग काजळी धरतात. कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा आवळ आणि तिला मोकळ्या रस्त्यावर जरा पळव. आठवड्यात प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं झालं पाहिजे.

दोन गोष्टी मात्र मनावर घे. जुनी गाडी आहे, तिचे सुटे भाग कुठे मिळत नाहीत, आणि अशा गाड्या बिघडून जात नाहीत, जळून जातात. पेट्रोलची रबरी नळी बोटाने दाबून बघ. भेगा असतील तर बदल. दुसरं, प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीला केसाएवढी जरी चीर गेली तरी आत पडायची ठिणगी बाहेर पडते. बाहेर पेट्रोल पाझरलेलं असलं की संपलं. चीर डोळ्याला दिसत नाही, पण इंजिन चालू असताना चट् चट् असा बारीक आवाज येतो. तो आला की ताबडतोब बंद कर.

तुझा प्लग घासून परत पाठवतो आहे. त्याला अजूनही हिंगाचा वास येतो. उर्वी म्हणते, आजोबांकडे आमटीचा प्लग आला आहे.

जानेवारीत येईन असं वाटतं.

सुमंत


कुरुद
२१ जानेवारी २०२४

प्रिय सुमंत,

बिस्किटाचा रंग आला. अगदी चहात बुडवून खावं असा आला. नळी बदलली. आता मॅडम अशी चालते की तू ऐकलं असतंस तर तुझे डोळे भरून आले असते. मला ऐकू येत नाही, तरी माझे आले.

खुर्सीपारच्या मंडळाचा टिकाराम येऊन गेला. म्हणाला, "काका, मॅडम निघन ना यंदा? नाही तर ट्रॅक्टर सांगून देतो." मी त्याला बसवून फिरवून आणलं. तो खूश झाला. सुमंतकाका येणार का, हेही त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

जानेवारी संपत आला म्हणून आठवण करून देतो. पुढची खोली रिकामी केली आहे. तुला पाठ दुखते म्हणून पलंगावर जाड गादी टाकली. सत्यशीला म्हणाली, "त्यायले यायचं असतं तर आतापर्यंत आले असते." तिचं मनावर घेऊ नकोस, तीही वाट पाहून राहिली आहे. फक्त तिची वाट पाहायची पद्धत रागाची आहे.

प्लांटमधले आपल्या बरोबरीचे कोणी मुलाकडे गेले, कोणी कायमचे गेले. मला बोलायला कोणी उरलं नाही असं नाही. पण माझ्याशी बोलताना ओठ नीट हलवायचे, हे ज्याला सांगावं लागत नाही असा तूच होतास.

तिकीट काढलं का?

धम्मपाल


पुणे
५ फेब्रुवारी २०२४

प्रिय धम्मा,

जानेवारीचं राहून गेलं. मुलाला कामासाठी बाहेर जावं लागलं, घरी कोणीतरी हवं होतं. पण गाडी छान चालते आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. आता घाई अशी काही नाही. एप्रिलचं बघू, जमेलसं वाटतं. मिरवणुकीआधी तिसरा प्लग एकदा पुन्हा पाठव म्हणजे माझी खात्री होईल.

वहिनींचा राग कळला. तो खरा आहे.

सुमंत


कुरुद
३ मार्च २०२४

प्रिय सुमंत,

पत्राला उशीर झाला. मॅडम ठीक. आम्ही ठीक. सत्यशीलाला पोळ्या शेकायला मदत करत होतो तेव्हा हात थोडा भाजला, म्हणून अक्षर वाकडं आलं आहे. आता बरं आहे.

तिसरा प्लग सोबत आहे. स्वच्छ घासला आहे. त्यावरून काही शंका आल्या तर विचार. मलाही काही विचारायचं आहे. कडक उन्हात मिरवणुकीच्या चालीने गरम झाली तर काय करावं, दुसऱ्या कंपनीचे प्लग चालतील का, गॅप किती ठेवावा. एकेक करून सावकाश उत्तर दे, एकाच पत्रात सगळं लिहू नकोस.

एप्रिलला ये. मॅडम तयार आहे.

धम्मपाल


पुणे
१२ मार्च २०२४

प्रिय धम्मा,

तू जन्मात कधी पोळी शेकली नाहीस. तव्यापाशी तू फक्त प्लग घेऊन जातोस.

प्लग वाचला. एकदा वाचला, मग बाजूला ठेवला, जेवलो, पुन्हा वाचला. टोकाचा रंग बिस्किटाचाच आहे, इतका सुंदर मी गॅरेजात असतानाही कमी पाहिला. आतून काही दोष नाही. पण चिनीमाती बाहेरून काळी आहे, आणि ती तू कितीही घासलीस तरी जाणारी काळी नाही. वरच्या कड्यांमध्ये रबरी टोपी वितळून बसली आहे. आट्यांमध्ये वाळू आहे. इंजिनात वाळू कोणी आपणहून टाकत नाही. आणि चिनीमातीला उभी चीर आहे, नखाला लागते.

इंजिनातली आग आत असते, धम्मा. या प्लगला ती बाहेरून लागली आहे.

मी बहिऱ्या माणसाला चट् चट् ऐकायला सांगितलं. तुला दातातून ठोका कळतो म्हणजे सगळंच कळतं असं मी धरून चाललो. तुझा हात किती भाजला आहे ते खरं सांग. वहिनींना लागलं का ते सांग. गाडीचं नंतर.

सुमंत


कुरुद
१९ मार्च २०२४

प्रिय सुमंत,

हात बरा आहे. उजव्या हाताची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत, भुवया गेल्या, त्या येत आहेत. सत्यशीलाला काही झालं नाही.

तुझं पाच फेब्रुवारीचं पत्र मिळाल्यानंतर काही दिवसांनीच झालं. सकाळी अंगणात तिला चालू केलं, बॉनेट उघडं ठेवलं आणि स्क्रूड्रायव्हर दातात धरून वाकलो. चारही ठोके बरोबर पडत होते. मला इतका आनंद झाला होता की मी तसाच वाकून राहिलो. नवी नळी क्लिपपाशी पाझरत होती, ते मी पाहिलं नाही. आणि तो चट् चट् दातात येत नाही. निळं काहीतरी दिसलं आणि एकदम भडका झाला. सत्यशीलाने मला मागे ओढलं, बादलीत भिजत घातलेली चादर इंजिनावर टाकली आणि शेजारच्या बांधकामावरची वाळू घमेल्याने आणून ओतत राहिली. बाहेरून मॅडम पहिल्यासारखीच दिसते, बॉनेटचा रंग तेवढा फुगून आला आहे. आत काही उरलं नाही.

तुझ्या सांगण्यात चूक नव्हती. ते ऐकायला कान लागत होता, तो पुण्याला होता.

सत्यशीला रोज म्हणायची, "सांगून द्या त्यायले. कावून लपवून राहिले तुमी?" मी तिला काय सांगू. तुला इथे आणायला माझ्याजवळ मॅडमशिवाय दुसरं काय आहे? लतिकावहिनी नाहीत, घर नाही, प्लांटचं गॅरेज नाही. गाडीही नाही म्हटल्यावर तू एका बहिऱ्यासाठी एवढा प्रवास कशाला करशील, असं मला वाटलं. म्हणून ती चालू ठेवली, कागदावर.

टिकारामला ट्रॅक्टर सांगायला लावतो.

धम्मपाल

ताजा कलम, सत्यशीलाकडून:
सुमंतभाऊ, हे गाडीले रडत नाहीत, तुमाले रडून राहिले. मले वाटलं तुमाले माहीत असावं.


पुणे
२६ मार्च २०२४

प्रिय धम्मा,

अरे वेड्या, प्रत्येक पत्रात तू ती चालू आहे म्हणून लिहायचास आणि म्हणूनच मी येत नव्हतो. मॅडम आहे, तू आहेस, भिलाई कुठे पळून जात नाही, पुढच्या महिन्यात बघू, असं चाललं होतं माझं. ती जळाली म्हणून एक ओळ लिहिली असतीस तर मी दुसऱ्या दिवशी निघालो असतो.

आता माझंही ऐक. परीक्षा, मुलाचं काम, घरी कोणीतरी हवं, ही सगळी कारणं मी शोधून काढली. मुलगा तर म्हणत होता, बाबा जाऊन या. खरं हे की दुर्ग स्टेशनवर उतरल्यावर ऑटोवाल्याला कुठे चल म्हणायचं ते मला सुचत नव्हतं. तोंडातून बोरसीच निघालं असतं. निळ्या रंगाच्या घरासमोर उतरून काय करू, याची मला भीती वाटायची. तू पुढची खोली रिकामी केलीस ते वाचूनही मला वाटत राहिलं की आपल्याच गावात पाहुणा म्हणून कसं जायचं.

तिकीट काढलं आहे. अकरा एप्रिलला सकाळी पोचतो. ऑटोवाल्याला कुरुद सांगेन.

ट्रॅक्टर सांगू नकोस. मॅडमची चाकं जळालेली नाहीत ना? मिरवणूक माणसाच्याच चालीने जाते, त्याला इंजिन कशाला पाहिजे. टिकारामला विचार, ढकलायला माणसं देतो का. वहिनींना सांग, अनारसे एप्रिलमध्ये केले तरी चालतात.

सुमंत


कुरुद
२० एप्रिल २०२४

प्रिय सुमंत,

जय भीम. तू पुण्याला पोचल्याचं तुझ्या मुलाने सत्यशीलाच्या फोनवर कळवलं. खोली अजून आवरली नाही. गादी तशीच ठेवली आहे.

आपण मॅडमला ढकलत मिरवणुकीत नेलं, अजून खुर्सीपारमध्ये त्याचीच गोष्ट चालू आहे. टिकाराम परवा भेटला. म्हणाला, "काका, एवढी माणसं इतक्या वर्षांत मॅडमले कधी हात लावाले आली नाही. आता दरवर्षी धक्काच मारू." बायकाही ढकलत होत्या, सत्यशीला तर मागचा बंपर धरून होती आणि कोणालाच जागा देत नव्हती. फोटोला घातलेला हार एकदासुद्धा हलला नाही, इतकी ती हळू आणि नीट गेली. इंजिन असताना आपण तिला कधी अशी नेली नव्हती.

यंदा स्टिअरिंग तुझ्याकडे होतं आणि मी बाजूला बसलो होतो. पॉवर हाऊसच्या चौकापाशी तू सवयीने डोळे मिटलेस. मी विचारलं, आता काय ऐकतोस, इंजिन तर नाही. तू माझ्याकडे वळून ओठ नीट हलवून म्हणालास, "पाय." मी खिडकीतून मागे पाहिलं. तेवढे पाय मला दिसले, आणि मला वाटलं की मलाही थोडं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ऑटोत बसल्यावर तू बोरसीवरून चल म्हणालास, तेव्हा मला धाकधूक होती. पण तू त्या लोकांकडून मोगऱ्याची फांदी मागून घेतलीस हे बरं केलंस. आमच्या अंगणात लावली आहे, मॅडमच्या बाजूला. अजून जगते की जाते ते कळत नाही. रोज पाणी घालतो.

तिसरा प्लग तुझ्याकडेच राहू दे. आता मला विचारायला काही उरलं नाही, गॅप नाही, नळी नाही, रंग नाही. कालपासून कागद घेऊन बसलो होतो, काय लिहावं सुचेना. मग एक गोष्ट आठवली, ती विचारायचीच आहे.

दुर्गला ट्रेन हलली तेव्हा तू दारात उभा राहून मला काहीतरी म्हणालास. मी मान हलवून 'हो हो' केलं. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. सत्यशीलालाही नाही, स्पीकरवर घोषणा चालू होती. तुझ्या ओठांवरून वाचायला गेलो, पण डोळ्यांत पाणी आल्यामुळे ओठच दिसेनात.

तू काय म्हणालास ते तेवढं लिहून पाठव. मी कशाला हो म्हटलं आहे ते मला कळलं पाहिजे.

तुझा,
धम्मपाल